सहल तुमच्याकडे सोपवली आहे? मग आधी प्रश्न शोधा

नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकाच्या वाट्याला वर्गाबाहेरचं काम लवकर येतं. ‘तुम्ही तरुण आहात, मुलांचं तुमच्याशी जमतं, यंदा तुम्हीच बघा,’ असं म्हणून वरिष्ठ मोकळे होतात. मग शिक्षकखोलीत पहिली चर्चा रंगते ती ‘कुठे जायचं’ याची. ज्याला जिथे जायचं राहून गेलंय तो ते नाव पुढे करतो, आणि दहा मिनिटांत ठिकाण ठरतंही. त्यानंतर सगळी आखणी त्या ठिकाणामागे फरफटत जाते: तिथे जे आहे ते दाखवायचं, फलकावर जे लिहिलंय ते उतरवून घ्यायला लावायचं, फोटो काढायचा आणि परत यायचं.

नववी ते बारावीच्या मुलांना पहिल्यांदाच बाहेर घेऊन जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एका दिवसाची भेट डोळ्यापुढे ठेवून लिहिलाय. मुक्कामाच्या सहलीला यातलं सगळं लागतंच, वर थोडं आणखी लागतं.

१. प्रश्न ठरवा, ठिकाण नंतर

‘नदीचा अभ्यास’ हा झाला विषय. ‘वळणावर नदी कोणत्या काठाला जोरात वाहते आणि गाळ कोणत्या काठाला टाकते?’ हा झाला प्रश्न. ‘वस्तुसंग्रहालय पाहणे’ या दोन शब्दांत मुलांना करण्यासारखं काही नाही. ‘या दालनात कोणाच्या वस्तू आहेत आणि त्याच काळातल्या कोणत्या लोकांची एकही वस्तू इथे नाही?’ यावर दोन तास सहज जातात. कारखान्यात ‘उत्पादनप्रक्रिया समजून घेणे’ असं लिहिण्यापेक्षा ‘इथे माल कुठे तुंबतो आणि का?’ एवढंच विचारा. मुलं एकदम डोळे उघडे ठेवून फिरू लागतात.

प्रश्न बरा आहे की नाही हे पाहायला मी तीन कसोट्या वापरते. त्याचं उत्तर फोनवर आयतं सापडता कामा नये. तिथे जाऊन मोजून, पाहून किंवा कोणाशी बोलून काहीतरी हाती लागलं पाहिजे. आणि दोन गटांची उत्तरं वेगळी येण्याची शक्यता हवी. या तिसऱ्या कसोटीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. पण परत आल्यावर वर्गात जी खरी चर्चा होते ती उत्तरं जुळत नाहीत म्हणूनच होते.

दिवसाला एक मोठा प्रश्न आणि त्याच्या पोटात दोन-तीन छोटे, एवढं पुरे. ‘जाताच आहात तर माझंही एक प्रकरण उरकून घ्या’ असं म्हणणारे सहकारी भेटतील. त्यांना चहा पाजा आणि नाही म्हणा.

२. आता ठिकाण, आणि शक्यतो जवळचं

माझा साधा हिशोब असा: गाडीत जितका वेळ जाणार त्याच्या दुप्पट तरी वेळ प्रत्यक्ष जागेवर मिळाला पाहिजे. तो मिळत नसेल तर ठिकाण कितीही नामांकित असो, सोडून द्या. एका दिवसात पाच ठिकाणं ‘कव्हर’ करणाऱ्या सहलीत मुलांच्या लक्षात राहतं ते गाडीतलं गाणं.

जवळचं ठिकाण निवडायला आणखी एक कारण आहे. शिक्षण-संशोधक जॉन फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये एक निरीक्षण मांडलं. अगदी नवख्या जागी नेलेली मुलं दिलेल्या कामापेक्षा ती जागा समजून घेण्यातच गुंतून पडतात. ज्यांना तसा परिसर ओळखीचा असतो ती काम अधिक चांगलं शिकतात. पुढे १९९४ मध्ये इस्रायलमधल्या नीर ओरियन आणि अव्ही हॉफस्टाइन यांनी माध्यमिक शाळेतल्या मुलांच्या भूशास्त्राच्या क्षेत्रभेटींचा अभ्यास केला आणि या नवखेपणाचे तीन भाग केले: विषयाचा, जागेचा आणि मनाचा. म्हणजे मुलाला माती-खडकांबद्दल काही ठाऊक नाही, आपण नेमके कुठे आहोत हे ठाऊक नाही, आणि ‘आज माझ्याकडून काय अपेक्षा आहे, शू कुठे करायची, जेवण कधी’ हेही ठाऊक नाही. या तिन्हींवर निघण्याआधी शाळेतच काम करता येतं आणि त्याला एक तास पुरतो. तो तास कसा घ्यायचा ते पुढे येतंय.

शाळेच्या मागचा ओढा, गावातलं पोस्ट, न्यायालय, पाणी शुद्धीकरण केंद्र, एखादं जुनं स्मशान, बसस्थानक. यातलं कुठलंही ठिकाण दूरच्या नामांकित ठिकाणापेक्षा जास्त शिकवू शकतं, कारण तिथे पुन्हा जाता येतं. पहिल्या भेटीत जे चुकलं ते दुसऱ्या भेटीत मुलं स्वतःच दुरुस्त करतात.

३. स्वतः जाऊन या

ही पायरी गाळून चालत नाही. संकेतस्थळ पाहून, फोन करून, ‘मी लहानपणी गेलो होतो’ या भरवशावर सहल काढू नये. शक्यतो ज्या वारी सहल आहे त्याच वारी, त्याच वेळेला जा. साप्ताहिक सुट्टी, दुरुस्तीसाठी बंद असलेलं दालन, दुपारी त्या वाटेवर सावली असते की नाही, हे तेव्हाच कळतं.

पाहण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे स्वच्छतागृह. हसू नका, हिशोब करा. चाळीस मुलं, दोन स्वच्छतागृहं, प्रत्येकाला सरासरी अडीच मिनिटं: पन्नास मिनिटं गेली. वेळापत्रकात यासाठी दहा मिनिटं ठेवलेली असतात आणि मग दिवसभर सगळं तासभर मागे चालतं. यावर उपाय एकच. एक गट जातो तेव्हा बाकीचे गट कामाला लागलेले असतील अशी आखणी करायची. सगळ्यांना एकदम सोडायचं नाही.

दुसरी गोष्ट चालण्याचा वेळ. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक आडाखा दिला, तो आजही डोंगरात वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. हा आडाखा धडधाकट माणसाचा आहे. चाळीस मुलांच्या रांगेसाठी त्याला दीडनं गुणा. रांग नेहमी सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगानं चालते, आणि त्या मुलाला तसं जाणवू द्यायचं नसेल तर वेळ आधीच हाताशी हवा.

तिसरं, उभं राहण्याची जागा. चाळीस मुलं अर्धवर्तुळात उभी राहून तुमचा आवाज ऐकू शकतील अशी, रहदारीपासून दूर, उन्हाकडे तोंड न करता उभं राहता येईल अशी जागा प्रत्येक थांब्यावर हेरून ठेवा. बाकी फोनला रेंज कुठे येते, गाडी कुठे वळते, जवळचं रुग्णालय किती लांब आणि रविवारी तिथे कोण असतं, हे वहीत टिपून ठेवा.

४. धोके कागदावर मांडा

एक साधा तक्ता पुरतो: काय होऊ शकतं, होण्याची शक्यता किती, झालं तर किती गंभीर, आणि आपण त्यासाठी काय करणार. शेवटच्या रकान्यात ‘काळजी घेऊ’ असं लिहिलं असेल तर तो रकाना रिकामाच समजा. ‘पाण्याच्या काठी दोन शिक्षक उभे राहतील, एक प्रवाहाच्या खालच्या बाजूला; गुडघ्याच्या वर पाण्यात कोणी जाणार नाही; पाण्यात उतरणार ते फक्त गटातले दोघे’ हे झालं उत्तर.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगते. बुडणारं माणूस हात हलवून ओरडतं असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा ते आवाज न करता बुडतं, कारण तोंड पाण्याच्या वर येतं तेवढा क्षण श्वास घेण्यातच जातो. म्हणून काठावर उभ्या असलेल्या शिक्षकाला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही. फोटोसुद्धा नाही.

२२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे इथे शाळेची आठ मुलं, त्यांचे शिक्षक आणि दोन प्रशिक्षक छोट्या होड्या घेऊन समुद्रात गेले. त्यातली चार मुलं परत आली नाहीत. प्रशिक्षकांचा अनुभव तोकडा होता, आणि गट परत आला नाही हे उमगूनही मदतीसाठी कळवायला फार उशीर झाला. ही सफर आखणाऱ्या साहसी केंद्राच्या संचालकाला शिक्षा झाली आणि १९९५ मध्ये तिथे अशा साहसी केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. तुमच्यासाठी यातून दोन कामं निघतात. कुठल्याही साहसी उपक्रमाच्या आयोजकाकडे प्रशिक्षकांची प्रमाणपत्रं आणि परवाना मागा. संकोच करू नका, चांगला आयोजक आनंदानं दाखवतो. आणि ‘इतके वाजेपर्यंत गट परतला नाही तर आम्ही वाट पाहणार नाही, फोन करू’ ही वेळ निघण्याआधी कागदावर लिहा, कारण प्रत्यक्ष त्या वेळी प्रत्येकाला ‘अजून पाच मिनिटं थांबू’ असंच वाटतं.

विजेचा नियम लहान आहे. मेघगर्जना ऐकू आली की उघड्यावरचं काम बंद करून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. झाडाखाली थांबणं हा पर्याय नाही.

पण सगळे धोके पुसून टाकायच्या नादात सहलच पुसली जाते, हेही पाहिलंय. कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञानं १९४१ मध्ये वेल्समधल्या अबरडोवी इथे ‘आउटवर्ड बाउंड’ या साहसातून शिकवणाऱ्या चळवळीची पहिली शाळा सुरू केली, ती तरुण खलाशांना कठीण प्रसंगात टिकून राहता यावं म्हणून. त्या परंपरेतले शिक्षक एक फरक करतात: वाटणारा धोका आणि असणारा धोका. दोर बांधून कड्यावरून उतरताना मुलाला भीती प्रचंड वाटते, प्रत्यक्ष धोका थोडा असतो. गाडीच्या मागे धावत रस्ता ओलांडताना मुलाला काहीच वाटत नाही आणि धोका मोठा असतो. आपलं लक्ष दुसऱ्या प्रकाराकडे हवं.

५. कागदपत्रं आणि पैसे

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, शिक्षण खात्याचे किंवा शाळेचे नियम, वाहनाचा विमा, चालकाचा परवाना: यादी शाळेत तयार असते, ती वापरा. संमतिपत्र मात्र स्वतः लिहा. ‘शैक्षणिक सहल’ एवढंच लिहून सही घेऊ नका. मुलं पाण्यात उतरणार आहेत, चार किलोमीटर चालणार आहेत, अनोळखी लोकांच्या मुलाखती घेणार आहेत, असं स्पष्ट लिहा. पालक वाचतात आणि कामाचं सांगतात: दम्याबद्दल, अॅलर्जीबद्दल, गाडी लागण्याबद्दल.

दम्याचा पंप आणि अॅलर्जीचं इंजेक्शन ज्याचं त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत. गाडीच्या डिकीतल्या प्रथमोपचार पेटीत ठेवलेलं औषध डोंगरावर कामाचं नाही.

वर्गात दोन-तीन मुलं अशी असतात की खर्चाचं कळल्यावर ‘मला यायचं नाही, कंटाळा येतो’ म्हणतात. त्यांना खरंच कंटाळा आलेला नसतो. पैशांची सोय वर्गशिक्षकानं पालकांशी परस्पर, आवाज न करता करावी. यादी फलकावर लावू नये.

किती मुलांमागे किती मोठी माणसं, याचा नियम तुमच्या शाळेला लागू असेलच. त्यापेक्षा एक माणूस जास्त न्या. एखाद्या मुलाबरोबर रुग्णालयात कोणाला तरी जावं लागलं तर उरलेल्यांवर ओझं पडता कामा नये. मुली असतील तिथे शिक्षिका हव्यातच.

६. निघण्याआधीचा तास

हा तो तास. पहिली वीस मिनिटं जागेची ओळख: नकाशा, पूर्वभेटीत तुम्ही काढलेले फोटो, वेळापत्रक, जेवण कुठे, स्वच्छतागृह कुठे, हरवलात तर काय करायचं. फोटोंमध्ये प्रवेशद्वार, बाकडी, चिखलाची वाट असलं साधंच दाखवा. सुंदर देखावे त्यांचे ते पाहतील.

उरलेला वेळ साधनांसाठी. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून त्याला वजन लावलं, सरळ कडेवर स्ट्रॉ चिकटवली की उंची मोजायचं साधन तयार. मुलांना पटांगणात ध्वजस्तंभ मोजायला लावा: स्ट्रॉमधून टोक दिसताना कोन ४५ अंश येईपर्यंत मागे सरकायचं, मग पायथ्यापासूनचं अंतर अधिक डोळ्यांची उंची म्हणजे स्तंभाची उंची. पहिल्या प्रयत्नात चार गटांचे चार आकडे येतात आणि भांडण लागतं. लागू द्या. डोळ्यांची उंची कोण विसरलं हे त्यांनाच सापडू द्या. हे भांडण शाळेत झालं की क्षेत्रावरचा अर्धा तास वाचतो.

गट चार-पाच जणांचे करा, मैत्रीचे गट मोडून, पण प्रत्येक मुलाबरोबर त्याचं एक तरी जवळचं माणूस राहील असे. एक मोजणारा, एक लिहिणारा, एक वेळ पाहणारा, एक प्रश्न विचारणारा. दुपारी कामं बदलायची. फोनबद्दल शाळाशाळांत वाद असतात. माझं मत: गटाला एक फोन, तो छायाचित्र आणि घड्याळासाठी, बाकीचे पिशवीत. सगळे जप्त केले तर मुलं दिवसभर फोनचाच विचार करतात.

७. मोजणी

‘सगळे आले का?’ या प्रश्नाला काही अर्थ नाही. जो आला नाही तो उत्तर देत नाही, आणि आलेले सगळे ‘होऽऽ’ म्हणतात.

मोजणी म्हणजे डोकी मोजणं. गाडीत बसल्यावर, गाडी हलण्याआधी, प्रत्येक थांब्यावर उतरल्यावर आणि थांबा सोडताना. दोन मोठ्या माणसांनी वेगवेगळी मोजायची आणि आकडा एकमेकांना न ऐकवता कागदावर लिहायचा; जुळला तरच निघायचं. मुलांना क्रमांक देऊन ओळीनं पुकारायला लावणं वेगवान असतं, पण मित्रासाठी दोन वेळा ओरडणारा एखादा निघतोच, म्हणून ते जोडीला ठेवा, मुख्य मोजणी म्हणून नको. मोजताना मुलं जागची हलता कामा नयेत, आणि मोजणाऱ्याशी बोलायला कोणी जाऊ नये. चालकालासुद्धा सांगून ठेवा: माझ्या खुणेशिवाय गाडी सुरू करायची नाही.

८. प्रत्यक्ष जागेवर

पोचल्या पोचल्या कामाला जुंपू नका. पहिली वीस मिनिटं मर्यादा आखून देऊन मोकळं फिरू द्या. नवखेपणाचा पहिला जोर तेवढ्यात ओसरतो.

मग वही. जोसेफ ग्रिनेल हे अमेरिकेतल्या बर्कली इथल्या पृष्ठवंशीय प्राण्यांच्या संग्रहालयाचे पहिले संचालक. हे संग्रहालय १९०८ मध्ये सुरू झालं. त्यांनी आपल्या माणसांना टिपणाची कडक शिस्त लावली: तारीख, वेळ, नेमकी जागा, हवामान, आणि मग पाहिलं ते, पाहिलं तसं, त्याच दिवशी. जवळजवळ शंभर वर्षांनी, २००३ पासून, त्याच संग्रहालयातले संशोधक त्या वह्या घेऊन त्याच जागांवर परत गेले आणि मधल्या काळात कोणते प्राणी कुठे सरकले हे शोधू लागले. मुलांना ही गोष्ट सांगा. ‘कोपऱ्यात तारीख टाका’ हे मग टोमण्यासारखं वाटत नाही. डाव्या पानावर दिसलं ते, उजव्या पानावर वाटलं ते. ‘पाणी घाण आहे’ हे उजव्या पानावर जातं. ‘पांढरा कागद पाण्यात वीतभर खाली धरला की दिसेनासा होतो’ हे डाव्या.

ओढ्यावर काय करता येतं ते सविस्तर सांगते, कारण साधनं फुकटात मिळतात आणि गणित दहावीच्या मुलाला झेपतं. काठावर सरळ वाहणारा दहा मीटरचा पट्टा मोजून दोन काठ्या रोवा. वरच्या काठीच्या थोडं आधी एक लाकडाचा तुकडा सोडा, पहिल्या काठीपासून दुसऱ्या काठीपर्यंत किती सेकंद लागले ते टिपा. पाच वेळा करा आणि मधली वेळ घ्या. समजा २० सेकंद, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. हा झाला पृष्ठभागाचा वेग. तळाशी पाणी घासतं, म्हणून सरासरी वेग थोडा कमी असतो; साधारण ०.८५ नं गुणायचं, आला ०.४२५. आता दोरी आडवी धरून दर मीटरला पट्टीनं खोली मोजा. रुंदी ४ मीटर आणि सरासरी खोली ३० सेंटिमीटर असेल तर छेदाचं क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर. वेग आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.५१ घनमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ५१० लीटर.

हा आकडा मुलांना काही सांगत नाही. मग विचारा, दहा हजार लीटरची टाकी या ओढ्यानं किती वेळात भरेल? वीस सेकंदांत. यावर गटात हमखास शांतता पसरते, आणि कोणीतरी म्हणतं, ‘चुकलंय, परत मोजू.’ ते परत मोजतात, आणि तुम्हाला काही सांगावं लागत नाही. पुढचा प्रश्न आपोआप येतो: मग एवढं पाणी जातं कुठे?

वस्तुसंग्रहालयात किंवा कलादालनात उलट चूक होते. वीस रिकाम्या जागांची कामपत्रिका हातात पडली की मुलं वस्तूंकडे न पाहता पाट्यांकडे धावतात. तिथे तीन वस्तू पुरतात. फिलिप येनावाइन आणि अॅबिगेल हाउसन यांनी चित्रं पाहण्यासाठी एक पद्धत रूढ केली, तिच्यात तीनच प्रश्न असतात: या चित्रात काय चाललंय? असं तुला कशावरून वाटलं? आणखी काय दिसतंय? शिक्षकानं बरोबर-चूक ठरवायचं नाही, फक्त मुलाचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि बोटानं ती जागा दाखवायची. दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त काम करतो. अशा चर्चेवर उभारलेल्या भेटींचा परिणामही तपासला गेलाय. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय २०११ मध्ये उघडलं. मागणी फार असल्यानं कोणत्या शाळांना आधी बोलवायचं ते सोडत काढून ठरलं, आणि त्यामुळे गेलेल्या आणि न गेलेल्या मुलांची तुलना करता आली. सुमारे ११,००० मुलं, १२३ शाळा. गेलेल्या मुलांनी पूर्वी न पाहिलेल्या चित्राबद्दल अधिक बारकाईनं लिहिलं, आणि ग्रामीण व गरीब भागातल्या शाळांच्या मुलांमध्ये हा फरक जास्त होता. भेट अर्ध्या दिवसाचीच होती.

माणसांना भेटायचं असेल, म्हणजे कारखाना, दवाखाना, न्यायालय, शेत, तर मुलांचे प्रश्न आधी ऐका. ‘तुमच्या कामाचं महत्त्व काय?’ असं विचारलं की समोरचा भाषण देतो. ‘काल सकाळी आल्यापासून तुम्ही काय काय केलंत?’, ‘यातलं कोणतं काम तुम्हाला आवडत नाही?’, ‘नवीन माणूस आला की त्याच्याकडून पहिली चूक कोणती होते?’ असं विचारलं की माणूस खुर्ची पुढे ओढून बोलू लागतो. आवाज किंवा फोटो घेण्याआधी परवानगी घ्यायची.

मुक्कामाची सहल उत्तर-दक्षिण जात असेल तर एक मीटरची काठी बरोबर ठेवा. इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला. तोच प्रयोग मुलं करू शकतात. निघण्याच्या ठिकाणी एक गट आणि पोचण्याच्या ठिकाणी एक गट, एकाच तारखेला, दिवसातली सगळ्यात आखूड सावली मोजतो. शाळेत मागे राहिलेला वर्ग यात भागीदार होतो, हा आणखी एक फायदा. उत्तर-दक्षिण अंतर २२२ किलोमीटर असेल तर सूर्याच्या उंचीत २ अंशांचा फरक येतो. एका जागी सूर्य ६० अंशांवर असेल तर सावली साधारण ५८ सेंटिमीटर, दुसरीकडे ५८ अंशांवर असेल तर साडेबासष्ट. पट्टीवर स्पष्ट दिसणारा फरक. ३६० ला २ नं भागून २२२ नं गुणलं की ३९,९६० किलोमीटर येतात. प्रत्यक्ष ध्रुवीय परीघ ४०,००८ आहे. मुलांचा आकडा इतका नेमका येणार नाही. काठी ओळंब्यात नसते, जमीन सपाट नसते. चूक कुठून आली हे शोधणं हा प्रयोगाचा दुसरा भाग.

दिवसात एकदा पंधरा मिनिटं प्रत्येकानं एकट्यानं, नजरेच्या टप्प्यात, न बोलता बसायचं आणि ऐकू येतं ते लिहायचं. पहिली पाच मिनिटं खुसखुस होते. मोठ्या मुलांना हे बालिश वाटेल अशी भीती बाळगू नका. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना एकटं बसायची परवानगी फार कोणी देत नाही. वर्गात शेवटच्या बाकावर गप्प असणारं एखादं पोरगं बाहेर आल्यावर सगळ्यांच्या पुढे असतं, तेही इथेच नजरेत भरतं. त्याचं नाव टिपून ठेवा.

९. बिघडलं तर

पाऊस, बंद पडलेली गाडी, उलट्या: यासाठी एक पर्यायी जागा आणि तासाभराचं घरातलं काम तयार असलं की पुरतं.

मूल दिसेनासं झालं तर गोंधळ टाळायला क्रम ठरलेला हवा. सगळे जागच्या जागी थांबतात. पुन्हा मोजणी, कारण निम्म्या वेळा मोजणीच चुकलेली असते. गटाला विचारायचं, शेवटचं कुठे आणि कधी दिसलं. एक मोठं माणूस त्या जागेकडे जातं, एक गटाजवळ राहतं, एक तिथल्या सुरक्षारक्षकाला सांगतं. किती वेळानं पोलिसांना कळवायचं हे आधीच ठरलेलं असतं. मुलांना मात्र एकच सूचना, निघण्याआधी तीनदा सांगितलेली: हरवलात तर शोधत फिरू नका, जिथे आहात तिथेच थांबा, आम्ही येतो.

शाळेत एक व्यक्ती फोनपाशी हवी. पालकांना निरोप तिच्याकडूनच जाईल, गाडीतून चाळीस मुलांच्या चाळीस आवृत्त्या जाणार नाहीत.

१०. परत आल्यावर

‘आमची सहल’ हा निबंध लिहायला लावू नका. ‘आम्ही सकाळी लवकर उठलो’पासून ‘थकून घरी परतलो’पर्यंत सगळे निबंध सारखेच येतात.

अनुभवातून शिक्षण होतं म्हणून प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही, हे शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९३८ मध्येच बजावलं होतं. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या चक्रात अनुभवानंतर तीन टप्पे येतात: त्यावर मागे वळून विचार, त्यातून एखादी कल्पना, आणि ती कल्पना पुन्हा करून पाहणं. बहुतेक सहली अनुभवापाशीच संपतात. म्हणून परतल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत दोन सलग तासिका मागून घ्या. आठवडा गेला की वह्या हरवतात.

त्या दोन तासिकांत गटांचे आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. कुठे जुळत नाहीत? का? कोणाच्या वहीत पुरावा आहे? मग प्रत्येक गटानं एक गोष्ट लिहायची: आपला कोणता अंदाज चुकला आणि तो कशामुळे बदलला. गुण द्यायचेच असतील तर यालाच द्या. उत्तर बरोबर येण्याला देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी सगळे एकमेकांचे आकडे उतरवतील. ज्यांनी वेळ दिला त्या लोकांना मुलांनी हातानं लिहिलेलं पत्र जावं, आणि त्यात ‘आपण अमूल्य मार्गदर्शन केलंत’ याऐवजी त्यांनी सांगितलेली एक तरी गोष्ट असावी.

शेवटचं काम तुमचं. पुढच्या वर्षी ही सहल दुसऱ्या कोणाकडे जाईल. त्यांच्यासाठी एक पातळ फाईल करा: पूर्वभेटीची टिपणं, धोक्यांचा तक्ता, ठरलेली आणि प्रत्यक्ष लागलेली वेळ शेजारी-शेजारी, कोणत्या दारातून आत जायचं, चावी कोणाकडे असते, कोणता चालक वेळेवर आला, कोणता थांबा गाळला असता तरी चाललं असतं. फोन क्रमांक पेन्सिलीनं लिहा, दर वर्षी बदलतात.